उत्सर्ग आणि आराखडा : हेब्बाळच्या तळ्याकाठचा एक धर्मप्रश्न

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावात घरे कोठे उठावीत, रस्ते कोठून जावेत, कोणती जमीन मोकळी राहावी आणि पावसाचे पाणी कोणत्या वाटेने वाहून जावे, हे ज्या नकाशावर ठरते त्याला नगररचनेच्या परिभाषेत विकास आराखडा म्हणतात. आणि हा आराखडा दूरच्या कार्यालयात न आखता त्या वस्तीत राहणाऱ्यांनीच एकत्र बसून आखावा, या विचाराला समुदायप्रणीत नियोजन असे नाव आहे. या विचाराची चर्चा बहुधा प्रशासनाच्या सोयीच्या किंवा लोकशाहीच्या विस्ताराच्या अंगाने होते आणि तिच्यात रहिवाशांचा अधिकार गृहीतच धरलेला असतो. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जी गोष्ट ठरवणाऱ्याच्या मरणानंतरही टिकणार, जिचे सुखदुःख अजून न जन्मलेल्यांच्या वाट्याला येणार, आणि जी बैठकीत बसण्याची मुभाच नसलेल्यांनाही बांधून टाकणार, ती ठरवण्याचा अधिकार माणसाला नेमका कशातून मिळतो? मालकीतून, वास्तव्यातून, बहुमतातून, की यांहून वेगळ्या कशातून? ‘धर्म’ हा शब्द उपासनापंथ या आजच्या अर्थाने न घेता समाजाला धारण करणारी मर्यादा या जुन्या अर्थाने घेतला, तर हा धर्मप्रश्नच ठरतो. आणि बंगळुरू शहराने वेढून घेतलेल्या हेब्बाळ या गावाच्या निमित्ताने तो विशेष स्पष्टपणे मांडता येतो.

हेब्बाळ हे नाव मराठी कानांना परके नाही, कारण कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातच हेब्बाळ कसबा नूल आणि हेब्बाळ जलद्याळ ही गावे आहेत. बंगळुरूचे हेब्बाळ मात्र आज गाव म्हणून फारसे कोणाला ठाऊक नसते. देवनहळ्ळीजवळचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाल्यापासून ते शहरातून विमानतळाकडे जाताना लागणाऱ्या उड्डाणपुलांचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. या पुलांच्या पलीकडे दाट वस्तीत २०१८ मध्ये एक वीरगळ उजेडात आली, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावरचा कन्नड लेख अभ्यासकांनी सुमारे इ. स. ७५० चा, गंग घराण्यातील श्रीपुरुष राजाच्या काळातील ठरवला आहे. कित्तय्या नावाच्या माणसाच्या मरणाची ती नोंद असून, तिच्यात या भागाचा उल्लेख ‘पेर्बोळलनाडु’ असा, तीस या संख्येसह येतो. ‘नाडु’ म्हणजे गावांचा समूह, मराठी मुलखातल्या तर्फेशी किंवा परगण्याशी जुळणारा एक प्रादेशिक घटक. आणि जुन्या कन्नडातला ‘प’ पुढे ‘ह’ होतो, जसे दुधाला ‘पालु’चे ‘हालु’ झाले, या नियमाने पेर्बोळलचे हेब्बाळ झाले. ‘पेर्’ म्हणजे मोठे आणि ‘पोळल्’ म्हणजे नगर, तेव्हा नावाचा अर्थ ‘मोठे नगर’ असा होतो. ज्या वस्तीला आज महानगराचा एक चौक समजले जाते, ती साडेबाराशे वर्षांपूर्वी आपल्या परिसराला नाव देण्याइतकी मोठी होती.

या शिळेचे पुढे जे झाले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. स्थानिक रहिवासी आणि वारसाप्रेमी मंडळींनी वर्गणीतून गंगकालीन धाटणीचा मंडप उभारून ती शिळा तिच्याच परिसरात ठेवली. संग्रहालयात धाडून दिली नाही. शहराच्या कोणत्याही आराखड्यात त्या जागेचा निर्देश नसताना वस्तीने जागा निवडली, खर्च उचलला आणि शिळेची राखण स्वतःकडे घेतली. कित्तय्याचे वंशज आज हेब्बाळमध्ये आहेत की नाहीत, हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि तो प्रश्न कोणी महत्त्वाचा मानलाही नाही. तेथे आज राहतात म्हणूनच त्या लोकांनी तेथे पूर्वी मेलेल्याचे देणे आपले मानले. नियोजनाच्या पुस्तकी व्याख्येत हे कृत्य बसत नसेल, तरी अधिकाराचा उगम शोधणाऱ्याने त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे.

गावाकडे पाहण्याची एक दुसरी रीतही याच परिसरात दगडावर कोरलेली आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे कानडी-तमिळ मुलखात एकोजी या नावाने ओळखले जाणारे राजे, यांच्याकडे गेले. हेब्बाळपासून थोड्याच अंतरावर असलेल्या मल्लेश्वरम् येथील मल्लिकार्जुनाच्या देवस्थानाला १६६९ मध्ये एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. दान देणारा राजा धार्मिक होता आणि दानाचा हेतूही शुद्ध होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या व्यवहारात गाव हे दानाचे कर्म आहे, कर्ता नाही. देणारा एक, घेणारा एक, आणि त्यांच्यामध्ये हातातून हातात जाणारी वस्तू म्हणजे माणसांनी भरलेले गाव.

आधुनिक शासनाने राजाची जागा घेतली तरी व्याकरण फारसे बदलले नाही. कर्नाटकाचा नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा असून बंगळुरूचे विकास प्राधिकरण १९७६ मध्ये स्थापन झाले. आराखडा या प्राधिकरणाने करायचा, नागरिकांनी ठरावीक मुदतीत हरकती नोंदवायच्या आणि राज्य शासनाने मंजुरी द्यायची, असा क्रम रूढ झाला. २०१५ सालासाठीचा सुधारित आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला; त्याच वर्षी भोवतालच्या सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावे एका आदेशाने शहरात मिळवून बृहत् बंगळुरू महानगरपालिका अस्तित्वात आली. २०३१ साठीचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध होऊन पुढे मागे घेण्यात आला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणि महानगर नियोजन समिती यांची तरतूद केली आहे, पण ज्या लोकनियुक्त सभागृहावर या रचनेने टेकायचे ते बंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर निवडणुकीने पुन्हा भरले गेले नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महानगरपालिकेच्या पाच झाल्या. गंमत अशी की राज्याच्या पंचायत कायद्याच्या नावात ‘ग्राम स्वराज’ हे शब्द आहेत आणि त्यात जनवसती सभेची, म्हणजे गावातल्या एकेका वस्तीच्या सभेचीही सोय आहे. तेव्हा शहरात विलीन होणाऱ्या गावाला त्या क्षणी सर्वांत आधी जर काही गमवावे लागत असेल, तर ती स्वतःच्या सभेची जागा होय.

अशा स्थितीत लोकांच्या हाती उरतो तो नकार. २०१६ मध्ये शहराच्या बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे ठरले, खर्च सुमारे १,७९१ कोटी रुपये आणि तोडायची झाडे ८१२ असे आकडे पुढे आले, आणि १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी मानवी साखळी करून ‘बेडा’, म्हणजे ‘नको’, हा एकच कन्नड शब्द उच्चारला. मार्च २०१७ मध्ये राज्य शासनाने तो प्रकल्प रद्द केला. हे यश खरे होते. परंतु नकार ही नियोजनाची पूर्वअट आहे, नियोजन नव्हे. ‘नको’ म्हणणाऱ्यांना एकमेकांशी एकमत करावे लागत नाही, कारण प्रत्येकाचा नकार वेगळ्या कारणाने असू शकतो, आणि आता हेब्बाळपासून सेंट्रल सिल्क बोर्डपर्यंतच्या सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्यावरून पुन्हा तसाच वाद उभा राहिला आहे. ‘हवे’ म्हणण्यासाठी कोणीतरी सर्वांच्या वतीने बोलावे लागते, आणि तेथे सुरुवातीचा प्रश्न परत येतो: सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कशातून?

भारतीय धर्मशास्त्रात या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक विचार आहे आणि तो नेमका तळ्यांच्या संदर्भात वाढलेला आहे. धर्मशास्त्रकार पुण्यकर्माचे दोन भाग करतात. ‘इष्ट’ म्हणजे यज्ञ, वेदीच्या आत होणारे कर्म. ‘पूर्त’ म्हणजे विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नछत्रे यांसारखी वेदीबाहेरची, लोकांच्या उपयोगाची कामे. इष्टाचा अधिकार वर्णाने आणि संस्काराने मर्यादित आहे, पण पूर्ताचा अधिकार शूद्रालाही आहे असे स्मृती सांगतात, आणि पूर्तकर्म करणाऱ्या स्त्रियांची नावे शिलालेखांतून जागोजाग आढळतात. म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी १८९९ मध्ये हेब्बाळला प्रायोगिक शेतीसाठी ३० एकर जमीन दिली आणि तीतूनच पुढे तेथील कृषी महाविद्यालय व कृषी विद्यापीठाची परंपरा उभी राहिली, ही घटना याच ओळीत बसते.

तळे खणून, बांध घालून झाले म्हणजे पूर्त पुरे होत नाही. त्यानंतर एक विधी सांगितलेला आहे, त्याला ‘उत्सर्ग’ म्हणतात. उत्सर्ग म्हणजे सोडून देणे. मत्स्यपुराणात तळ्याच्या या विधीचे वर्णन आहे, देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, म्हणजे मराठी माणसाचे हेमाडपंत, यांनी आपल्या ग्रंथाच्या दानखंडात अशा कर्मांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे, आणि मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ यांनी सतराव्या शतकात आपल्या बारा मयूखांपैकी, म्हणजे ग्रंथभागांपैकी, एक संपूर्ण मयूख याच विषयाला दिला आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सर्व परंपरेची मांडणी करताना दान आणि उत्सर्ग यांतला जो भेद स्पष्ट केला आहे, तो नियोजनाच्या तत्त्वज्ञानाला पायाभूत ठरावा इतक्या मोलाचा आहे. दानात देणाऱ्याची मालकी संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते. घेणारा कोण हे ठरलेले असते. उत्सर्गात देणाऱ्याची मालकी संपते, पण ती दुसऱ्या कोणाकडेही जात नाही. पाणी सर्व भूतांसाठी सोडले जाते, आणि ‘भूत’ या शब्दात माणसांइतकीच गुरे, पाखरे आणि किडामुंगीही येतात.

येथे निबंधकारांसमोर, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांसमोर, एक अडचण उभी राहते, आणि तिची त्यांनी केलेली चर्चा वरवर पाहता किरकोळ शाब्दिक वाटली तरी फार खोल आहे. दान केलेल्या वस्तूचा उपभोग दात्याने घेणे हे पाप आहे. मग ज्याने तळे सोडले त्याने त्या तळ्याचे पाणी प्यावे की नाही? तळ्याच्या काठावर त्याचेच घर आहे, त्याचीच गुरे तेथे पाण्यावर जातात. निबंधकारांचे उत्तर असे की त्याने प्यावे, कारण सर्व भूतांत तोही येतो. मात्र आता तो पितो तो कर्ता म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. ज्या क्षणी तो ‘हे मी बांधले’ या नात्याने घाटावर उभा राहतो, त्या क्षणी उत्सर्ग मोडतो. मालकी सोडून त्याच जागी वापरकर्ता म्हणून परत येणे, ही अधिकाराची कल्पना मालकी हक्काच्या आधुनिक कायद्याला आणि लोकमताच्या आधुनिक राजकारणालाही अनोळखी आहे. आणि समुदायाने केलेल्या आराखड्याला नैतिक आधार द्यायचा असेल तर तो या कल्पनेतच सापडतो, असे येथे प्रतिपादन आहे. आराखडा करणाऱ्यांनी आपल्या मालकीच्या जोरावर तो करू नये, तो करताना ती सोडून द्यावी.

हेब्बाळच्या तळ्याने या तत्त्वाचा भंग अनुभवला आहे. कर्नाटकात तळ्याला ‘केरे’ म्हणतात. बंगळुरूला बारमाही नदी नसल्याने उंचावरच्या केरेचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या केरेत जाईल अशी साखळी पूर्वजांनी रचली, आणि शहराच्या मुख्य खोऱ्यांपैकी एक हेब्बाळच्या नावाने ओळखले जाते. जुन्या लेखांत ‘बिट्टुवट्ट’ हा शब्द येतो, म्हणजे तळे बांधणाऱ्याला किंवा त्याची डागडुजी करणाऱ्याला दिलेली जमीन. मोरी केव्हा उघडायची आणि कोणत्या शेताला किती पाणी द्यायचे हे पाहणारा ‘नीरगंटी’ असे, जसा खानदेश-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी असतो. ही व्यवस्था शहरीकरणात लोपली. मग २००२ मध्ये तळ्यांच्या विकासासाठी प्राधिकरण स्थापन झाले आणि काही वर्षांतच हेब्बाळ, नागवार यांसारखी तळी देखभाल व करमणूक केंद्रांच्या उभारणीसाठी खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्यावर देण्याचे धोरण आले. तळ्यांची दुर्दशा झालीच होती, आणि पैसा कोठून आणायचा हा प्रश्नही खोटा नव्हता. तथापि जे सर्व भूतांसाठी सोडलेले आहे त्याला एक ठरलेला घेणारा मिळाला, म्हणजे उत्सर्गाचे पुन्हा दान झाले, आणि तेही ज्याची मालकीच नव्हती अशाने केलेले. नागरिकांच्या वतीने २००८ मध्ये जनहित याचिका दाखल झाली. उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१२ मध्ये तळ्यांच्या रक्षणासाठी व्यापक आदेश दिले. त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धान्त स्वीकारला होता, म्हणजे नद्या, तळी, वने यांचे शासन मालक नसून केवळ सांभाळणारे आहे हे तत्त्व, आणि २००६ मध्ये तिरुपतीजवळच्या दोन तळ्यांच्या खटल्यात त्याला पुढच्या पिढ्यांच्या हक्काची जोड दिली होती. न्यायालयांनी हा सिद्धान्त रोमन आणि इंग्रजी कायद्यातून घेतला. नीलकंठाचा मयूख त्यांच्या मेजावर असता तर युक्तिवाद अधिक घरचा झाला असता.

परंतु हा विचार इतक्यावर सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ‘सर्व भूतांसाठी’ सोडलेल्या तळ्याचा इतिहास महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, सर्व धर्मांची माणसे पाणी भरत, आणि अस्पृश्यांना मात्र काठावर जाण्याची बंदी होती. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले असल्याचे जाहीर केले, तरी पाणी भरण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ते पाणी प्यायले गेले आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि न्यायालयात ते तळे खाजगी असल्याचा दावा लावण्यात आला. त्या दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले. ज्या समाजाच्या शास्त्राने पाखरांनाही पाणी सोडले, त्याच समाजाने माणसाला ते नाकारले. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचा पाया करण्याच्या मागणीस ठाम विरोध केला, गावगाड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि व्यक्ती हाच घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले. समुदायप्रणीत नियोजनाच्या प्रत्येक समर्थकाने या भाषणाला उत्तर दिले पाहिजे, आणि ‘आता काळ बदलला’ हे उत्तर नव्हे.

जुन्या मराठी गावाच्या शब्दांतच ही अडचण साठवलेली आहे. वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत आणि शेतजमिनीला ‘काळी’. पिढीजात हक्काने कसणारा तो ‘मिरासदार’ आणि बाहेरून येऊन कसणारा तो ‘उपरी’. तंटा पडला म्हणजे गोतसभा भरे, पाटील-कुळकर्णी, बलुतेदार आणि मिरासदार बसत, आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई. त्यावर कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढी. सहभागाच्या आजच्या कल्पनेला हेवा वाटावा अशी ही रीत होती, पण तीत उपऱ्याचे वजन नव्हते आणि स्त्रियांची गणना अपवादानेच होई. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट महाराची आहे. त्याचे घर वेशीबाहेर, पांढरीच्या हद्दीपलीकडे. आणि शिवेचा वाद निघाला की सीमा दाखवायला त्यालाच बोलावले जाई, कारण गावाची हद्द कोठून कोठे जाते हे गावात सर्वांत नेमके त्यालाच माहीत असे. कर्नाटकातल्या पुष्कळ ठिकाणी नीरगंटीही अशाच दलित घरातला असे, पाण्याचा न्याय त्याच्या हाती आणि देवळाचा दरवाजा त्याला बंद. ज्यांच्या ज्ञानावर गाव उभे होते त्यांना गावाच्या व्याख्येतून वगळलेले होते. उत्सर्गाच्या तत्त्वाने मोजले तर त्या गावांनी आपली तळी कधी सोडलीच नव्हती. सोडल्याचे मंत्र म्हटले आणि काठ राखून ठेवला.

यावर एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने दिले आहे, आणि ते ग्रंथातून नव्हे, वागण्यातून दिले आहे. तेथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय खुला राहतो, आणि निर्णय घेणारी ग्रामसभा व केवळ समजून घेण्यासाठी बसणारा अभ्यासगट ही दोन वेगळी ठेवलेली आहेत, म्हणजे ज्याला मत बनवायला वेळ लागतो त्याच्यावर मत देण्याची घाई येत नाही. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्याहून अनन्यसाधारण पाऊल २०१३ चे: विनोबांच्या चळवळीतून आलेल्या १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गावकऱ्यांनी आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. ज्याने जमीन दिली तोच ती कसतो. कसतो मात्र सर्वांतला एक म्हणून. नीलकंठाने तळ्याच्या काठावर जे मांडले ते येथे शेताच्या बांधावर आले, आणि जे ते आणतात त्यांना त्या शास्त्राने कधी यजमान म्हणून मोजलेही नव्हते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवण्याची आणि बाहेरच्यांना जमीन न विकण्याची शिस्त पाळली, तीही मोठी गोष्ट आहे. पण ‘बाहेरच्यांना नाही’ हा नियम संरक्षणाचा असला तरी महानगराच्या पोटातल्या गावाला तो उसना घेता येत नाही.

इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी पडतो. २०११ च्या कायद्याने तेथील पॅरिशांना, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक घटकांना, स्वतःचा परिसर आराखडा करून त्यावर सार्वमत घेण्याचा अधिकार मिळाला. कंब्रियातल्या अपर ईडन या विरळ वस्तीच्या भागाने २०१३ मध्ये सर्वांत आधी असा आराखडा प्रचंड बहुमताने संमत केला, आणि त्यामागची एक मुख्य तळमळ आपल्या मुलांना गावातच घर बांधता यावे ही होती. कायदा करणाऱ्यांनी मात्र एक सावधगिरी बाळगली: मोठ्या स्थानिक आराखड्याने जितका विकास ठरवला असेल त्याहून कमी विकास परिसर आराखड्याला ठरवता येणार नाही. ज्यांची घरे झाली आहेत तेच एकत्र बसले, तर ज्यांची व्हायची आहेत त्यांच्यासाठी दार लावून घेतील, ही भीती त्या एका कलमात आहे. सार्वमतात आज राहणाऱ्यांची मते मोजली जातात. उद्या येणाऱ्याची मोजता येत नाहीत.

येथे ऋणाचा विचार पुढे येतो. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत, पण शतपथ ब्राह्मण तेथे चौथे मनुष्यऋण जोडते, आणि हे ऋण कोणा एका वर्णावर न ठेवता जन्मणाऱ्या प्रत्येकावर ठेवते. ते फेडण्याच्या ज्या रीती सांगितल्या आहेत त्यांत अन्न देण्याबरोबर राहायला जागा देणे ही एक आहे. वसतीला जागा देणे हे ऋण असेल, तर आधीच वसलेल्याचा अधिकार नंतर येणाऱ्याला अडवण्याचा उरत नाही, त्याच्यासाठी जागा राखण्याचा उरतो. आजच्या हेब्बाळमध्ये जुनी घरे असलेले गावकरी आहेत, भाड्याच्या सदनिकांत राहणारे नोकरदार आहेत, उत्तर कर्नाटकातून आलेले बांधकाम मजूर आहेत, आणि पहाटे रस्ते झाडणारे पौरकर्मिक, म्हणजे सफाई कामगार, आहेत, ज्यांच्यातल्या अनेकांना पावसात कोणत्या गल्लीत पाणी तुंबते हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. यांच्यातला उपरी कोण, आणि शीव कोणाला विचारायची?

आणि हेब्बाळची शीव आता हेब्बाळपाशी संपत नाही. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातल्या मलजलावर प्रक्रिया करून ते रोज सुमारे २१ कोटी लिटर या प्रमाणात बंगळुरू शहर, बंगळुरू ग्रामीण आणि चिक्कबळ्ळापूर या जिल्ह्यांतल्या ६५ तळ्यांत सोडण्याची योजना राबवली गेली आहे. ज्या गावांची तळी वर्षानुवर्षे कोरडी होती तेथे पाणी दिसू लागले आणि ते जमिनीत मुरते. आज हेब्बाळमध्ये प्रत्येक घर, प्रत्येक दवाखाना, प्रत्येक कारखाना नाल्यात काय सोडतो, हा म्हणूनच केवळ त्या प्रभागाचा प्रश्न राहिलेला नाही. पाण्याचा उत्सर्ग येथे खरोखरच झालेला आहे, पण सोडणाऱ्यांना आपण काय सोडतो याची जाणीव नाही. चिक्कबळ्ळापूरकडचे शेतकरी मागत आहेत ते एवढेच, की दोन टप्प्यांच्या शुद्धीकरणानंतर येणारे हे पाणी तिसऱ्या टप्प्यातूनही गाळून यावे, कारण त्यांच्या विहिरी त्याच तळ्यांच्या पोटाशी आहेत. आणि हेब्बाळमध्ये उद्या आराखड्यासाठी सभा भरली, तरी तिच्यात त्यांना बोलावण्याची सोय आजच्या कोणत्याही कायद्यात नाही.